जुन्या पिकअपला कुलूप कुठे कुठे लावायचं

आप्पांनी माझ्या पिकअपच्या स्विचमध्ये दुसऱ्याच एका गाडीची चावी घातली, जराशी हलवली आणि स्विच फिरला. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागले. आप्पा म्हणजे आमचे चोपडा रोडवरचे गॅरेजवाले. हात पुसत ते एवढंच म्हणाले, "भो, तुन्ही गाडी ते कोन्हीबी लई जाई."

मी गेलो होतो नवी बॅटरी बसवायला. २००९ सालची पिकअप घेऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी पाहतो तर बॅटरी नाही, हौद्याखालची स्टेपनी नाही. गाडी तेवढी जागेवर. दोन दिवस चोराला शिव्या घातल्या, पण आप्पांची ती चावी फिरल्यावर त्याचे उपकारच वाटायला लागले. त्याने मनात आणलं असतं तर गाडीच घेऊन गेला असता आणि मी ओट्यावर बसून टायरचे वण बघत बसलो असतो.

त्यानंतर जे शिकलो, जिथे पैसे वाया घालवले, ते पहिल्यांदाच जुनी पिकअप घेणाऱ्यासाठी इथे लिहितो. शक्यतो याच क्रमाने करा. फुकटातली कामं आधी आहेत, खिशाला लागणारी नंतर.

चोराला जुनीच गाडी का आवडते

नव्या गाडीच्या चावीत चिप असते. ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, यालाच इमोबिलायझर म्हणतात. मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जुन्या पिकअपमध्ये असलं काही नसतं. बॅटरी उतरली तरी उतारावर सोडून, गिअर टाकून ती चालू होते. केळीच्या बागेत अडकलो की याच गोष्टीमुळे आपण वेळेत घरी येतो. रात्री दोन वाजता याच गोष्टीमुळे दुसरा कुणी वेळेत पसार होतो.

शिवाय अख्खी गाडी विकायची चोराला गरजच नसते. इंजिन, गिअरबॉक्स, मागची हौसिंग, डिस्कसकट टायर, सगळं सुटं खपतं, कारण या गाड्या खेड्यापाड्यांत अजून हजारोंनी धावतात आणि त्यांना जुने पार्ट लागतातच. सुट्या पार्टचा आरसी बुक कुणी मागत नाही.

तिसरं कारण आपला खानदेशचा नकाशा. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा. रावेरहून बऱ्हाणपूर तासाभरात. नवापूरच्या पुढे गुजरात. रात्री एकला हललेली गाडी तुम्ही सकाळी सहाला शोधायला लागता, तोवर ती दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या हद्दीत गेलेली असते. म्हणून या सगळ्या उद्योगात एकच हिशोब डोक्यात ठेवा: चोराची मिनिटं खायची. न तुटणारं कुलूप बाजारात मिळत नाही. पण दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांवर नेता आलं आणि त्यात थोडा आवाज झाला, तर तो पुढच्या गल्लीतली गाडी बघतो.

पहिलं काम: कागद आणि गाडीच्या अंगावरचे नंबर

गाडी अजून घ्यायची असेल तर बयाणा देण्याआधी चेसिस नंबर स्वतः वाचा. बहुतेक पिकअपना तो उजव्या बाजूच्या चेसिसवर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. डिझेल आणि कापडाने माती पुसा, मोबाईलचा उजेड तिरका पाडा आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवा. अक्षरं वरखाली असतील, घासल्यासारखी वाटत असतील, किंवा तेवढाच भाग नव्या रंगाचा असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरा. इंजिन नंबरही बघा. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढवलेलं हवं. नंबर प्लेटवर एमएच-१९ आहे, एमएच-१८ आहे की एमएच-३९, त्याने काही सिद्ध होत नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की मालकाच्या नावातली काही अक्षरं, फिटनेस, विमा आणि फायनान्सचा बोजा दिसतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. ते संपलेलं असेल तर पुढे विम्याच्या दाव्यात ते आडवं येऊ शकतं.

गाडी घरी आली की सादा कागद चेसिस नंबरावर ठेवून पेन्सिल घासा. आरटीओत काढतात तशी छाप निघेल. ती आणि आरसी, विमा, फिटनेसच्या प्रती गाडीत न ठेवता घरी ठेवा. मूळ कागद सीटखाली ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. चोराला गाडीबरोबर तिची जन्मकुंडलीही देऊन टाकायची, असला तो प्रकार. पोलिसांना दाखवायला मोबाईलमधलं डिजिलॉकर चालतं.

आणखी एक काम मी केलं, त्याचा खर्च शंभर रुपयेसुद्धा नव्हता. वेल्डिंगवाल्याकडून हौद्याच्या पत्र्याला खालून, आडव्या चॅनेलच्या आतल्या बाजूला, चेसिस नंबरचे शेवटचे सहा आकडे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी काढून घेतले. दुसऱ्यांदा सीटच्या फ्रेमखाली. कुठे आहेत ते मला आणि माझ्या भावाला माहीत. गाडी रंगवली, प्लेट बदलली, तरी ओळख पटवायला एवढं पुरतं. उजेडात गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. फाळक्यावरचं देवाचं नाव, कुठे चेंबलेलं आहे, कुठला लाइट फुटका आहे, हे सगळं त्यात आलं पाहिजे. तक्रार लिहिताना "पांढरी पिकअप" एवढंच सांगितलं तर जिल्ह्यात तशा किती निघतील, तुम्हीच विचार करा.

एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही बंधनकारक आहे. तिच्यावर होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि तिचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही. त्याने चोरी थांबेल असं मी म्हणणार नाही, पण तुमची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावणं अवघड होतं.

दुसरं काम: चावी

आता त्या आप्पांच्या चावीकडे येऊ. पंधरा वर्षं वापरलेल्या इग्निशन लॉकच्या आतल्या पितळी पत्त्या झिजतात. परीक्षा सोपी आहे. स्विच ऑन असताना चावी ओढून बघा. बाहेर आली तर लॉक संपलं. ओळखीच्या दोघा-तिघांच्या पिकअपच्या चाव्या घालून बघा. त्यातली एखादी फिरली तर उद्याची वाट बघू नका, लॉक सेट बदला. सेट घेताना दोन्ही चाव्या मोजून घ्या. गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर जुनं लॉक धडधाकट असलं तरी मी म्हणेन बदलाच, कारण आधीच्या मालकाच्या, त्याच्या ड्रायव्हरच्या, ड्रायव्हरच्या मेहुण्याच्या खिशात कोणती चावी आहे हे कुणी सांगू शकत नाही.

मग स्टेअरिंग लॉक. चावी काढा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवा. "कट्" असा आवाज होऊन ते अडकलं पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते अडकतच नाही, कारण कधीतरी वायरिंगचं काम करताना मिस्त्रीने लॉकची खिट्टी काढून टाकलेली असते. मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. मलाही नव्हता.

दाराच्या काचा पूर्ण वर जातात का, तेही बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा केबिनची भट्टी होऊ नये म्हणून आपण काच चार बोटं खाली ठेवतो आणि रात्रीही ती तशीच राहते. त्या फटीतून तार घालायला वेळ लागत नाही.

तिसरं काम: डिझेल आणि करंट तोडणं

सगळ्यात जास्त खात्री मला याच कामाची आहे. कारण गाडी साधी आहे. चोराला ती पटकन चालू करता येते हे खरं, पण तितक्याच साध्या उपायाने तुम्हाला ती बंदही पाडता येते. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डिझेल तोडलं की इंजिन मेलं.

ट्रॅक्टरच्या टाकीखाली पितळी कॉक असतो, तो पाहिला असेल. तसाच कॉक पिकअपच्या टाकीकडून फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपात बसवता येतो. रात्री गाडी बंद केल्यावर वाकून तो फिरवायचा, बस. गंमत अशी की गाडी लगेच बंद पडत नाही. फिल्टरमध्ये आणि पाइपात उरलेल्या डिझेलवर ती चालू होते, गल्लीतून बाहेर पडते, चोराला वाटतं जमलं, आणि थोड्या अंतरावर ती मरते. आता लाइनमध्ये एअर भरलेली. कॉक कुठे आहे ते शोधायचं, तो उघडायचा, हातपंप मारून एअर काढायची आणि मग सेल्फ मारायचा. भर रस्त्यात, अंधारात, परक्या गाडीखाली झोपून हे करायला वेगळीच हिंमत लागते.

आमच्या नानांची पिकअप गेल्या लग्नसराईत अमळनेरला एका मंगल कार्यालयाबाहेरून उचलली. वरात आत, गाड्या बाहेर, बँडच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? पहाटे नानांनी जाऊन तक्रार दिली. तासाभराने गाडी सापडली, कार्यालयापासून सहाशे पावलांवर, वळणावर आडवी उभी, दोन्ही दारं उघडी आणि सेल्फ मारून मारून बॅटरी पार झोपलेली. कॉक बंद होता.

कॉक बसवताना काही गोष्टी सांभाळा. तो टाकीकडून येणाऱ्या लाइनलाच हवा. पंपाकडून टाकीत परत जाणाऱ्या रिटर्न लाइनला हात लावू देऊ नका, ती बंद झाली तर पंपाचं नुकसान होतं. जोड घट्ट आणि चांगल्या क्लिपने केलेला हवा, नाहीतर डिझेल गळणार नाही पण हवा ओढली जाईल आणि रोज सकाळी गाडी चालू करताना घाम निघेल. सायलेन्सरपासून लांब बसवा. आणि आपण स्वतः कॉक बंद करून गाडी मरेपर्यंत चालवायची नाही. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरला की तो झिजतो. गॅरेजात चार पोरं चहा पीत उभी असताना हे काम करून घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय करंटचा. इथे आधी एक प्रश्न मिस्त्रीला विचारा: माझी गाडी चावीने बंद होते की खेचायच्या नॉबने? चावीने बंद होणाऱ्या बहुतेक गाड्यांत पंपावर सोलेनॉइड असतं. त्याला करंट मिळतो तोवर डिझेल पुढे जातं. त्या वायरमध्ये एक छुपा स्विच टाकला की चावी फिरते, सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही. चोर समजतो गाडी नादुरुस्त आहे. स्विच डॅशबोर्डखाली बोटाला लागेल असा नको, आणि चोर-स्विच म्हणून दुकानात मिळणारं लाल बटणही नको. जुन्या, वापरात नसलेल्या फॉग लाइटच्या बटणाला तेच काम द्या. नॉबवाली गाडी असेल तर हा स्विच उपयोगाचा नाही. ते इंजिन बॅटरीशिवायही उतारावर चालू होतं. तिला डिझेल कॉकच पाहिजे.

बॅटरीचा कटऑफ स्विच दोघांनाही लावावा. चोरी तर आहेच, पण जुन्या वायरिंगमुळे रात्री गाडीला आग लागण्याची भीतीही त्याने कमी होते. फक्त जीपीएसची वायर कटऑफच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या, नाहीतर रात्री कटऑफ मारला की जीपीएसही उपाशी.

चौथं काम: डोळ्याला दिसणारं लोखंड

वरचं सगळं लपवायचं, हे मात्र दाखवायचं. क्लच आणि ब्रेक एकत्र जखडणारं पेडल लॉक, स्टेअरिंगवर आडवा बसणारा दांडा, गिअर लॉक, चाकाचा जबडा. यातलं एक तरी लांबून दिसलं पाहिजे. मी आधी स्टेअरिंगचा दांडा घेतला आणि पस्तावलो. स्टेअरिंगची रिंग करवतीने कापली की दांडा निघतो. पेडल लॉकला वाकून, अंधारात, पायाजवळ काम करावं लागतं, ते जास्त त्रासाचं. गिअर लॉक चांगलं, पण बसवणारा हुशार हवा.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर चाकाच्या डिस्कच्या भोकातून आणि स्प्रिंगच्या पाट्याच्या मागून जाड साखळी फिरवून कुलूप घाला. गाडी ढकलून किंवा दुसऱ्या गाडीला बांधून ओढून नेतात, त्याला हाच उपाय. पण साखळी घातलेली आहे हे सकाळी लक्षात राहावं म्हणून स्टेअरिंगला एक फडकं बांधा. साखळीसकट गाडी पुढे घेतलेला एक मनुष्य मला आरशात रोज दिसतो.

पाचवं काम: जागा

भिंतीला नाक लावून गाडी उभी करा, चाकं वळवून ठेवा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. उताराच्या तोंडाशी कधीही नाही. बॅटरी कमजोर असली की आपणच मुद्दाम उतारावर लावतो, सकाळी ढकलायला सोपं म्हणून. बॅटरी बदला, ती गाडीपेक्षा स्वस्त आहे. घरात ट्रॅक्टर असेल तर तो पिकअपच्या मागे आडवा लावा. ट्रॅक्टरही चोरीला जातो म्हणा, पण दोन्ही एकदम हलवायला माणसं जास्त लागतात.

आपल्याकडच्या काही रात्री जास्त धोक्याच्या असतात. उन्हाळ्यात सगळे धाब्यावर, म्हणजे गच्चीवर झोपतात आणि खालच्या गल्लीत काय चाललंय ते कूलर-पंख्याच्या आवाजात कळत नाही. कानबाईच्या, म्हणजे आमच्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या रात्री घरं जागी असतात, पण लक्ष सगळं आत, रोटांकडे आणि गाण्यांकडे. सारंगखेड्याची यात्रा, मुक्ताईची यात्रा, अखाजीचे म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस, गाड्या शेतात कुठेही लावून माणसं निघून जातात. अशा ठिकाणी चौघांनी मिळून एका माणसाला गाड्यांपाशी बसवा आणि त्याचं जेवण तिथेच पोचवा.

शेताची लाइट रात्रीची असते तेव्हाचं वेगळंच आहे. रात्री मोटार चालू करायला आपण पिकअपने मळ्यात जातो, गाडी बांधावर, चावी गाडीला, आणि आपण तीन फर्लांगावर पाणी धरतो. चावी खिशात ठेवायला काही लागत नाही, तरी पाणी धरताना खिशात चावी ठेवणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. ओली होते म्हणतात.

सहावं काम: जीपीएस

वायरीवाला जीपीएस दोन-तीन हजारांच्या आसपास बसतो आणि दर वर्षी रिचार्ज लागतो. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. बंद पडलेला जीपीएस म्हणजे डबी. आत छोटी बॅटरी असलेला घ्या, म्हणजे मुख्य बॅटरी तोडल्याबरोबर तो मोबाईलवर बोंब मारतो. बसवणारा पोरगा डॅशबोर्डखाली चिकटवून मोकळा होतो, कारण त्याला घाई असते. चोरही तिथेच हात घालतो. केबिनच्या मागच्या बाजूला, छताच्या अस्तरात, नाहीतर कुठेही जिथे वर प्लास्टिक किंवा कापड आहे तिथे बसवून घ्या. जाड पत्र्याच्या डबीत कोंबला तर त्याला सिग्नल मिळत नाही. धडगाव-तोरणमाळच्या घाटात मोबाईलचं नेटवर्क जातं तेव्हा नकाशावरची गाडी थांबल्यासारखी दिसते. साठवून ठेवणारा जीपीएस असेल तर रेंज आल्यावर मधला रस्ता दाखवतो.

मोबाईलवरून इंजिन बंद करायची सोय देतात, ती सोलेनॉइडवाल्या गाडीत चालते, नॉबवाल्या गाडीत नाही. विकणारा हे सांगत नाही. आणि ती असली तरी धावत्या गाडीवर कधी दाबू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो, पॉवर स्टेअरिंग असेल तर ते जड होतं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने तुमची गाडी चोरलेली नसते.

सुटे भाग थोडक्यात: स्टेपनीच्या बोल्टवर कुलूप, बॅटरीच्या पेटीला पट्टी आणि कुलूप, डिझेलच्या झाकणाला चावी, ताडपत्री-दोर-जॅक रात्री घरात.

भाडं घेताना

एकट्या माणसाचं अनोळखी भाडं, ठिकाण नीट सांगत नाही, पैसे मागाल तेवढे, निघायचं संध्याकाळनंतर. एवढं जुळलं की सावध व्हा. गाडीत बसायचं, वाटेत चहा-पेढे द्यायचे, ड्रायव्हर झोपला की गाडी घेऊन पसार व्हायचं, हा जुना प्रकार आहे. भाडं ठरलं की गिऱ्हाइकाचा आणि त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढून त्याच्यासमोरच घरी पाठवा. प्रामाणिक माणूस रागावत नाही. वाटेतलं खाणं आपलं आपण घ्या. सुरत रोडवर झोपायची वेळ आली तर उजेडाच्या पंपावर किंवा चार ट्रक उभे असलेल्या ढाब्यावर झोपा, चावी काढून.

पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यावर संशय घेऊन काही होत नाही, व्यवस्था लावा. रात्री चावी मालकाकडे. ड्रायव्हर काम सोडून गेला, मग तो कितीही भला असो, लॉक सेट बदला. नाराज होईल म्हणून मी एकदा टाळलं होतं. नाराज कुणी झालं नसतं.

विमा

इथे नवखे लोक सगळ्यात मोठी चूक करतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. पॅकेज म्हणजे फुल विमा लागतो. जुन्या गाडीला तो द्यायला कंपन्या खळखळ करतात, गाडी तपासायला माणूस पाठवतात. पाठवू द्या. गाडीची जी किंमत पॉलिसीवर लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. पाच वर्षांवरच्या गाडीसाठी ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणजे तिथे बोलायला जागा आहे. हप्ता हजार रुपयांनी कमी व्हावा म्हणून आयडीव्ही निम्म्यावर आणणारे एजंट असतात. सही करण्याआधी तो आकडा वाचा.

जुनी गाडी घेतलीत तर मालकी आपल्या नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत गाडी गेली तर चोरीचा दावा तिथेच अडकतो. आमच्या तालुक्यात "करू सवडीने" म्हणून सहा-सहा महिने गाड्या अशाच फिरतात.

दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर आजच तसं लेखी कळवून ठेवा. चावी गाडीला ठेवून गेलात, तर मालकाने काळजी घेतली नाही म्हणून दावा नाकारतात किंवा कापतात.

गेलीच तर

पहिल्या तासात शोधत फिरू नका. आधी ११२ ला फोन करा, मग जीपीएस उघडा, मग ठाण्यात जा. जीपीएसवर गाडी दिसली तरी एकट्याने मागे लागू नका, लोकेशन पोलिसांना द्या.

फास्टॅग बंद करायची घाई करू नका, हे मुद्दाम सांगतो. सगळे आधी तेच करतात. सोनगीर, लळिंग, शिरपूर, कुठल्याही टोलवरून गाडी गेली तर पैसे कटल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येतो, वेळेसकट. तो पोलिसांना दाखवा. शे-दोनशे रुपयांत दिशा कळली. चोर टोल चुकवून गावागावातून जातात हेही खरं, तरी तो मेसेज येईल ही आशा दोन दिवस ठेवा.

हद्दीचा वाद घालत बसायची गरज नाही. नव्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, एफआयआर घ्यावी लागते, ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतात. तिची प्रत फुकट मिळते. मालवाहू गाडीची चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तक्रारीत चेसिस नंबर, इंजिन नंबर, वेल्डिंगच्या खुणा आणि फोटो द्या, पण खुणा कुठे आहेत ते चारचौघांत बोलू नका.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. एफआयआर लगेच दिलेली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी उशीर करू नका, कोर्टाची पायरी चढायला लागणारं डिझेलही आपल्यालाच घालावं लागतं. आरटीओला लेखी अर्ज द्या, म्हणजे गाडी परस्पर कुणाच्या नावावर होणार नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांनाही कळवा. तपास लागला नाही की पोलीस न्यायालयात अ समरी अहवाल देतात, गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, असा त्याचा अर्थ. तो हातात पडल्याशिवाय कंपनी पूर्ण पैसे सोडत नाही. त्याला महिने लागतात. ठाण्यात पंधरा दिवसांनी एकदा चक्कर मारायची, आवाज न चढवता.

आणि गाडी सापडली तर ती लगेच घरी येत नाही. ती मुद्देमाल होते. न्यायालयात अर्ज करून, हमीपत्र लिहून, सुपूर्तनाम्यावर ती ताब्यात घ्यावी लागते. खटला चालू असेपर्यंत ती विकायची नाही, रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, अशा अटी असतात. ताब्यात घेताना टायर, बॅटरी, स्टेपनी, किलोमीटरचा आकडा, सगळं पंचनाम्याशी ताडून मगच सही करा. इग्निशन लॉक त्याच दिवशी बदला.

नानांची गाडी ठाण्याच्या आवारातून सोडवली तेव्हा आम्ही नवी बॅटरी घेऊन गेलो होतो. सगळे कागद झाले, शिपायाने फाटक उघडलं, नानांनी सेल्फ मारला. तो नुसता फिरत राहिला. गाडी ढकलत फाटकात आणली, तरी चालू होईना. कॉक उघडायचा राहिला होता. मग भर दुपारी, साहेबांची जीप मागे हॉर्न वाजवत उभी, आणि नाना बॉनेटमध्ये डोकं घालून हातपंप मारताहेत.